मावशी गावाला गेली

उल्हासनगर, कॅम्प १
१३ नोव्हेंबर २००६

राजरत्न,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट, ठळक अक्षरात. घाबरू नकोस. पत्र तुझ्या अंबरनाथच्या कारखान्यात टाकतेय, बदलापूरला बेलवलीच्या घरी नाही. कारखान्यात तुझं आडनाव सगळ्यांना ठाऊक आहे, एवढी अक्कल तुझ्या बहिणीला आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस. कागदाला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून कागद.

काल रविवारी आईचा जलदान विधी झाला. तू आलास, मागे चपलांच्या ढिगाजवळ बसलास आणि पंगत बसायच्या आत निघून गेलास. तुझे दाजी म्हणाले, "जाऊ दे यशोधरा, घाईत असेल." तुझ्या दाजींना स्वतःला सोडून सगळं जग घाईत दिसतं.

तुझ्याकडे दोन कामं आहेत.

पहिलं म्हणजे, आपल्या घरात आईचा फोटोच नाही. विधीला बुद्धमूर्ती मांडली, बाबासाहेबांचा फोटो ठेवला, बाजूला आपल्या अण्णांचा ठेवला, आणि आईच्या जागी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती आताच पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. बौद्धाचार्यांनी दोनदा विचारलं, "ह्याच ना गयाबाई भीमराव?" सगळ्या ट्रंक-पेट्या उपसून झाल्या. माझ्या लग्नात ती मांडवामागे पुऱ्या तळत होती. तुझ्या लग्नात फोटोवाल्याने वराच्या आईला हाक मारली, तेव्हा ती कुणाचंतरी रडणारं पोर खांद्यावर टाकून अंगणात फिरत होती. सगळ्या फोटोंत आपण आहोत, आणि आई कुठेतरी जवळपास आहे.

तुझ्याकडे कॅमेरा आहे. सहा वर्षं आई रोज तुझ्या घरी होती, सोमवार ते शनिवार. रविवारी सुट्टी! सुट्टी मिळणारी आजी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात आपलीच असेल. आणि त्या सुट्टीच्या दिवशी ती इथे काय करायची माहितेय? दारात जाऊन उभी राहायची, परत आत यायची, डबे पुसलेले पुन्हा पुसायची आणि म्हणायची, "पोरगी आता उठली असंल." तेव्हा कुठल्यातरी एका फोटोत ती आली असेलच. तो पाठव.

दुसरं काम. स्मशानातून परतताना मी विचारलं, तुझ्या पायलला काय सांगितलंस? तू खाली बघून म्हणालास, "मावशी गावाला गेली, असं सांगितलं."

मावशी! सख्ख्या नातीने सख्ख्या आजीला मावशी म्हणायचं, तेही तिच्या बोलण्यावरून घरमालकाला आपण कोण ते कळू नये म्हणून. जिवंत होती तोवर ते चाललं, कारण तिनेच चालवून घेतलं. पण आता ती मेली तरी पोरीला कळू द्यायचं नाही का, की आपली आजी मेली? आणि कुठल्या गावाला गेली रे? वांगणीच्या पलीकडल्या ज्या गावातून ती करवंदांची पाटी डोक्यावर घेऊन इथे विकायला यायची, तिथे आता आपलं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. फक्त एकदा विचारलं, "पोरीचा भांग कोन काढतं आता?" मी म्हटलं तुझी सुनंदा काढत असेल. तर म्हणाली, "ती घाईत असती गं. वाकडा काढीत असंल."

पायलला सांग. सात वर्षांची झाली ती, कळतं तिला. मला दुसरं काही नको.

तुझी ताई,
यशोधरा


उल्हासनगर, कॅम्प १
१० डिसेंबर २००६

राजा,

तुझं पाकीट मिळालं. चार ओळी आणि एक फोटो. चार ओळींबद्दल आधी बोलते.

तू लिहिलंयस, 'ताई, मी तिला कधीच मावशी म्हटलं नव्हतं. सामान उतरवताना घरमालकीणबाईंनी दारात विचारलं, ह्या कोण? मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, मी बाळाला सांभाळायला येते.'

हे मला माहीत नव्हतं. आईने मला कधी सांगितलं नाही, आणि मी तिच्याशी इतकी भांडले तरी तिने तुझ्या बाजूने हा पुरावा काढला नाही. दोन दिवस दुकानात मी कापड मापताना चुकतेय. शेठ म्हणाला, "बेन, ध्यान किधर है?"

ते दार मला डोळ्यांसमोर दिसतं. बदलापुरात किती दारांत आडनाव सांगितल्यावर तुला 'अहो, कालच दिली जागा' ऐकावं लागलं, ते मी विसरले नाही. सुनंदा ओली बाळंतीण, हातात दीड महिन्याची पोर. घरमालक विष्णुपंतांनी नाव विचारलं, तू 'राज' म्हणालास, त्यांना बोलणं-चालणं आवडलं आणि पुढचं विचारायचं राहून गेलं. नळाला दोन वेळ पाणी, खाली पारिजातक. मग दारातली ती बाई विचारते, ह्या कोण. आईने तुझ्या तोंडाकडे बघितलं असणार. लहानपणी तुझ्या नुसत्या तोंडाकडे बघून तुला भूक लागलीय की शू, हे ती ओळखायची. तिथे काय अवघड होतं?

पण 'मी काही बोलायच्या आत' म्हणतोस ना, तर नंतर सहा वर्षं होती की रे. त्या दिवशी संध्याकाळ होती, दुसऱ्या दिवशी सकाळ होती. तुला कुणी अडवलं नव्हतं. पायल बोलायला लागली तेव्हा 'आजी' शब्द तिच्या तोंडात यायच्या आधीच आईने 'मावशी' शिकवला, कारण पोराच्या पोटात गोष्ट राहत नाही. ते तू समोर बसून ऐकलंस.

असो. आता फोटोची कथा ऐक, म्हणजे तुला थोडं हसू येईल. मला तर हसता हसता रडू आलं.

तू पाठवलेला फोटो पायलच्या पाचव्या वाढदिवसाचा. केक, टोप्या, फुगे, विष्णुपंत सपत्नीक सोफ्यावर, आणि पार मागे स्वयंपाकघराच्या दारात सरबताचे ग्लास भरलेला ट्रे धरून आई. चेहरा तुरीच्या डाळीएवढा. तरी मी तो कॅम्पातल्या नारीशेठच्या स्टुडिओत नेला. तो म्हणाला, "चेहरा निकल आएगा, बेन. बॉडी मैं लगा दूँगा." मला वाटलं, लावेल काहीतरी.

आठ दिवसांनी फोटो आणायला गेले. राजा, आपली आई जरीकाठी रेशमी साडीत! गळ्यात चपलाहार, हातात हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दोन गोऱ्यापान हातांची घडी मांडीवर ठेवून बसलीय, पाठीमागे धबधबा. मी म्हटलं, "नारीशेठ, ही कोण?"

"अरे बेन, माताजी हैं आपकी. एकदम लक्ष्मी लग रही हैं."

"आमच्यात लक्ष्मी नाही चालत, शेठ. आणि वडील गेल्यावर आईने चुडा भरला नाही."

तो बिचारा खजील झाला. कॉम्प्युटरवर कुंकू पुसलं, चपलाहार काढला. मग लक्षात आलं की हेच रेशमी धड आपल्या गल्लीत आणखी दोन घरांत लटकतंय, वरती वेगवेगळ्या म्हाताऱ्या. सगळ्यांना तोच धबधबा.

मी फोटो घेतला, त्याचे पैसे दिले आणि कपाटावर पालथा ठेवला. चेहऱ्याचं मला एवढं काही नाही रे, चेहरा अंधुक असला तरी चालेल. पण ते हात आईचे नाहीत. आईच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला उभी चीर होती, विळीने झालेली. ते नख कधीच नीट उगवलं नाही. त्याच हातांनी तिने पंधरा वर्षं सिंध्यांच्या घरी पापड लाटले, त्यातून तुझं डिप्लोमाचं शिक्षण निघालं. त्या हातांवर कुणाचा तरी चुडा बघवत नाही.

यंदा सहा डिसेंबरला पहिल्यांदा तिच्याशिवाय दादरला गेले. रांगेत दर वेळी तिचं बोट धरायची सवय. मी चाळिशी ओलांडलेली बाई, माझा हात आपोआप मागे जात होता.

दुसरा फोटो शोध. आणि पायलला सांगितलंस का, ते पुढच्या पत्रात लिही.

ताई


उल्हासनगर, कॅम्प १
१८ फेब्रुवारी २००७

राजरत्न,

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. म्हणून आज मीच बेलवलीला येऊन गेले. तू बाजारात गेला होतास. सुनंदाने तुला सांगितलं असेल, नसेल सांगितलं तर आता माझ्याकडून ऐक.

निमित्त पापडांचं. आईने मागच्या एप्रिलमध्ये लाटलेले पापड अजून डब्यात होते. तिच्या हातचे शेवटचे. मी ते तळत नव्हते, भाजत नव्हते, नुसती डबा उघडून वास घेत होते. तुझे दाजी म्हणाले, "ठेवून ठेवून त्यांना पोरकिडे लागतील. पोरीला नेऊन दे अर्धे." कधीकधी तुझे दाजी बरोबर बोलतात.

खाली तुझ्या घरमालकीणबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तीन-चार वर्षांपूर्वी ह्याच अंगणात मी आईशी कडाकडा भांडले होते. त्या विसरल्या असाव्यात. म्हणाल्या, "मावशींच्या कन्या ना तुम्ही? मावशी बऱ्या आहेत ना? फार देवमाणूस. अशी बाई आता मिळणार नाही हो." डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या. दरवर्षी दिवाळीला त्या आईला साडी द्यायच्या, आणि आई ती नेसून विहारात मिरवायची, "फुकटची हाय, पन रंग बघा कसाय!" मी म्हटलं, "हो, अशी नाही मिळणार." आणि जीभ दातांखाली धरून जिना चढले.

दार पायलने उघडलं. किती उंच झालीय रे! भांग वाकडा.

"तुम्ही कोण?"

"मी मावशीची मुलगी."

"मावशी गावाहून कधी येणार? तिला सांगा, माझे दोन दात पडले. आणि मी वेणी स्वतःची स्वतः घालते, पण मागचा भांग दिसत नाही ना, म्हणून तो तसा जातो."

मी तिचा भांग सरळ काढून दिला. सुनंदाने पापड भाजले. ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. पोर गॅलरीत बसून पापड खात होती आणि खाता खाता गुणगुणत होती, ओठ मिटून. मी आधी लक्ष दिलं नाही. मग माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"हे काय म्हणतेयस गं?"

"मावशीचं झोपायचं गाणं. त्याला शब्दच नाहीत. मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, हे असंच तोंड मिटून म्हणायचं असतं."

राजरत्न, ते त्रिसरण होतं.

तीच चाल, तोच शेवटचा लांबवलेला सूर. आपल्याला ह्याच घरात ती ते म्हणूनच झोपवायची, 'बुद्धं सरणं गच्छामि' ह्या शब्दांसकट, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या गल्लीतला सोनार म्हणायचा, गयाबाई, आमची पोरंपण झोपली. तुझ्या घरात गॅलरीची खिडकी विष्णुपंतांच्या अंगणावर उघडते. तिथे तिने शब्द गिळले आणि पोरीला नुसता सूर दिला. सहा वर्षं, दर दुपारी.

मी त्या क्षणी सांगू शकले असते. पोर समोर बसलेली, तोंडात आईच्या हातचा पापड. 'अगं, ती तुझी आजी' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण नाही सांगितलं. आईने ते तुझ्यासाठी झाकलं, तेव्हा ते तूच उघडायचं. माझ्या तोंडून ऐकलं तर पोरीला वाटेल, बाबा खोटं बोलत होते. तुझ्या तोंडून ऐकलं तर वाटेल, बाबा आता खरं बोलतायत. ह्यात फरक आहे.

जिन्यात सुनंदा मागून आली. काहीतरी बोलायचं होतं तिला. "ताई..." म्हणाली आणि थांबली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या पोरीवर माझा राग नाही.

परत आल्यावर मी दिवा न लावता बसून राहिले. मला आई हवीय रे. फोटो-बिटो काही नको, ती हवीय. संध्याकाळी बेलवलीहून यायची, चपला काढता काढता 'आज पोरगीनं काय केलं सांगू?' म्हणून सुरू व्हायची, आणि मी चिडून म्हणायची, मला नको सांगू तुझ्या मालकांच्या घरचं. आता मला सगळं ऐकायचंय.

यशोधरा


उल्हासनगर, कॅम्प १
१४ ऑक्टोबर २००७

राजा,

आज धम्मचक्र दिन. विहारातून आत्ताच आले. पांढरी साडी अजून अंगावर आहे.

तुझं ऑगस्टमधलं पत्र माझ्याकडे आहे. 'ताई, आता इतकी वर्षं झाली, कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. तिने विचारलं, इतके दिवस का नाही सांगितलं, तर काय सांगू?' पाच-सहा वेळा वाचलं. राग आला, मग कीव आली, मग नुसतंच वाईट वाटलं. मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडेही ते नव्हतं.

मग परवा सुनंदाचं पाकीट आलं. तिने तुला न सांगता पाठवलंय. तिच्यावर ओरडू नकोस, ओरडायचं तर माझ्यावर ओरड. आत चिठ्ठी होती, 'ताई, ह्या फोटोत सासूबाई आहेत.' आणि पायलचा पहिला फोटो. आठवतो? महिन्याची असताना बदलापूर स्टेशनजवळच्या स्टुडिओत काढलेला. मान धरत नव्हती, म्हणून फोटोवाला म्हणाला, कुणीतरी मागे बसून बाळाला धरा, अंगावर चादर घ्या. सुनंदाला बसवत नव्हतं. मग आई बसली. निळी चादर, डोक्यावरून पायापर्यंत. पुढे पायल, मुठी आवळून, जगावर रागावल्यासारखी. आणि तिच्या काखेखाली दोन्ही बाजूंनी चादरीतून बाहेर आलेले आईचे हात. उजव्या अंगठ्याच्या नखाची चीर अगदी स्पष्ट दिसते.

मी किती वेळ तो फोटो छातीशी धरून बसले, सांगत नाही.

नारीशेठकडे नेला आणि म्हटलं, एक काडीसुद्धा बदलायची नाही, नुसता मोठा कर. तो बघत राहिला. म्हणाला, "इसमें माताजी किधर हैं?" मी बोट ठेवून दाखवलं. त्याने चष्मा काढला, पुसला आणि फ्रेमचे पैसे घेतले नाहीत. खरं सांगते, सिंधी दुकानदाराने पैसे सोडले.

आता तुला एक सांगते, जे तुला माहीत नाही. त्या बेलवलीच्या भांडणात मी आईला काय बोलले ते. आईचे वडील, आपले आबा, छप्पन सालानंतर घरातले देव टोपलीत घालून उल्हास नदीत सोडून आले होते, आणि सहा वर्षांच्या गयाला म्हणाले होते, आता कुणाम्होरं वाकायचं न्हाई. ही गोष्ट तिने आपल्याला हजारदा सांगितली. मी ती तिच्यावरच उगारली. त्यांच्या जिन्यावर उभी राहून म्हटलं, "आबांनी नदीत देव सोडले ते काय तू ह्यांच्या दारात वाकावं म्हणून?"

ती रागावली नाही. पायल तिच्या कडेवर होती, पेंगुळलेली. आई हळूच म्हणाली, "वाकले न्हाई गं. पोरीला उचलायला खाली झाले."

तेव्हा ते मला पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही. पण एवढं कळतं की तिने ते लाजून केलं नव्हतं. लाज तुझी होती, तिने फक्त ती स्वतःच्या अंगावर ओढून घेतली, त्या निळ्या चादरीसारखी. आता ती नाही. आता चादर कोण धरणार?

येत्या चार नोव्हेंबरला, रविवारी, इथे घरीच आईचा पहिला स्मृतिदिन ठेवलाय. बौद्धाचार्य सकाळी येतील. तू ये. सुनंदा आणि पायलला घेऊन ये. तू विचारलं होतंस, कुठून सुरुवात करू. एका शब्दापासून कर. दोन अक्षरी आहे.

वाट बघतेय.
ताई


उल्हासनगर, कॅम्प १
५ नोव्हेंबर २००७

प्रिय राजरत्न,

काल तू फोन ठेवलास. त्यामुळे पुढचं तुला ऐकू आलं नाही. तेवढं कळवायला हे पत्र.

आधीपासून सांगते. सुनंदा एकटीच पायलला घेऊन आली तेव्हा मी दारातच मनातल्या मनात तुला चार शिव्या हासडल्या. सुनंदा म्हणाली, "ते नाही म्हणाले. मग कपडे घालून बसले. मग परत नाही म्हणाले." मला तू सहावीत असताना नाटकातून पळालास ते आठवलं. मी तिला आत घेतलं. पायलला सांगून आणलं होतं, मावशीच्या घरी जेवायला जायचंय. पोर विचारत होती, मावशी आत आहे का.

फुलं वाहून झाली. सगळे हात जोडून बसले. बौद्धाचार्यांनी त्रिसरण सुरू केलं, आणि मागून तीस-पस्तीस माणसं. खोली भरून गेली. पायल सुनंदाच्या मांडीला टेकून बसली होती. पहिल्या ओळीला तिने मान वर केली. दुसऱ्या ओळीला ती ओठ मिटून गुणगुणायला लागली, बरोब्बर सुरात. मग एकदम थांबली. इकडेतिकडे सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि भर खोलीत म्हणाली, "आई, ह्या सगळ्यांना मावशीचं गाणं कसं येतं?"

सुनंदाने ओढणी तोंडात कोंबली. कुणी म्हणायचं थांबलं नाही. मीच थांबले.

सगळं झाल्यावर पोर उठून फोटोपुढे गेली. नाक लावून बघितलं. "हे मावशीचं नख आहे," म्हणाली. मग, "हे बाळ कोण?"

मी म्हटलं, "तू."

तिने जरा विचार केला. मग विचारलं, "मग मावशी चादरीत का लपलीय?"

राजा, तिथे तीस-पस्तीस माणसं होती. चाळीस वर्षं विहारात बसलेली, भाषणं ठोकणारी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सुनंदाकडे बघितलं. तिने पर्समधून मोबाईल काढला, तुला लावला आणि काही न बोलता पोरीच्या कानाला दिला. पायलने तुलाही तेच विचारलं.

मग ती कितीतरी वेळ ऐकत होती. मधे एकदा "हो" म्हणाली. मग "म्हणजे तुमची आई?" मग म्हणाली, "मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?" ह्याच प्रश्नाला तू भीत होतास ना? तू काय उत्तर दिलंस मला माहीत नाही. मी विचारणारही नाही. पण ते ऐकून तिने "बरं" म्हटलं, रागावलेलं नाही, साधंच. आणि मग, "बाबा, तुम्ही रडताय?" आणि तू फोन ठेवलास.

इथून पुढचं तुझ्यासाठी.

तिने मोबाईल सुनंदाच्या हातात दिला. परत फोटोपुढे जाऊन उभी राहिली. "आजी," म्हणाली, अगदी हळू, नवी चप्पल पायात बसते का बघावी तसं. मग जरा मोठ्याने, "आजी." मग वळून मला म्हणाली, "ती गावाला नाही ना गेली?"

मी म्हटलं, "नाही गं."

ती रडली. खूप रडली. मी तिला घेतलं. एवढी उंच पोर, पाय लोंबत होते, तरी घेतलं. खाली झाले आणि उचललं. वर्षभर मी जे एकटीने रडत होते, ते काल कुणीतरी माझ्याबरोबर रडलं. तुझ्या दाजींनी सगळ्यांना गच्चीवर जेवायला नेलं, पहिल्यांदाच घाई करून.

जेवताना तिने हिशेब लावला. "मग तुम्ही माझ्या आत्या?" मी म्हटलं, हो. "मग ते गाणं आजीचं आहे?" मी म्हटलं, आजीचं, तुझ्या बाबांचं, माझं, तुझं, आपल्या सगळ्यांचं. "त्याला शब्द आहेत, तर मला का नाही शिकवले?" मी म्हटलं, ते बाबांना विचार, त्यांना सगळे पाठ आहेत. मग तिथेच बसून मी तिला शिकवले. पोरीची जीभ भारी चपळ, संध्याकाळपर्यंत सगळं आलं. फक्त सवयीने मधेच ओठ मिटतात. मी म्हटलं, "तोंड उघड की." तर म्हणाली, "मावशी... आजी म्हणायची, मिटून म्हणायचं." मी म्हटलं, "ते तेव्हाचं. आता उघडायचं."

निघताना मी तिचा भांग काढून दिला. म्हणाली, घरी गेल्यावर रोज झोपताना म्हणणार, मोठ्याने, शब्दांसकट, गॅलरीत बसून.

खाली विष्णुपंतांच्या बाई असतील. त्या ऐकतील. कदाचित वर येऊन विचारतील. कदाचित नुसत्याच खाली उभ्या राहून ऐकतील, त्यांनाही ती चाल ओळखीची असेल, सहा वर्षं दुपारी त्यांच्या अंगणात उतरत होती. पुढे काय होईल मला माहीत नाही. घर गेलं तर इथे दोन खोल्या आहेत, आणि आईची खाट रिकामी आहे.

पण राजा, रात्री पोर म्हणायला लागेल तेव्हा खिडकी लावू नकोस.

तुझी ताई,
यशोधरा